वकिलाचं इंग्रजी कुणाचं असतं?

समजा, जळगाव जिल्ह्यातल्या एका बाईच्या नवऱ्यानं इंदूरच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला आहे. लहान मूल घेऊन दर तारखेला इंदूर गाठणं तिला झेपणारं नाही. दावा आपल्या जिल्ह्यात वर्ग करून घ्यायचा, तर मधे राज्याची हद्द येते. त्यामुळे अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो, आणि तिथला कागद इंग्रजीत. वकिलांच्या ऑफिसात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी इंटर्नशिप करते आहे. पहिला मसुदा तिच्याकडे आला आहे. बाई सांगत जाते, मुलगी लिहीत जाते. बोलता बोलता बाई म्हणते, “मग मी माहेरी आले.”

याचं इंग्रजी काय करायचं?

‘शी लेफ्ट द मॅट्रिमोनिअल होम’ हे वाक्य तयारच असतं. जुन्या फायलींमध्ये ते शेकडो वेळा सापडेल. व्याकरण बरोबर, शब्द कायद्याचे, कानाला भारदस्त. इंग्रजीच्या पेपरात याला पूर्ण मार्क मिळतील. पण बाईनं न सांगितलेली एक गोष्ट त्यात शिरली आहे. तिनं घर ‘सोडलं’, असं हे वाक्य म्हणतं. हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदारानं सलग 2 वर्षं परित्याग केला, तर ते घटस्फोटाचं कारण ठरतं. नुसतं वेगळं राहणं म्हणजे परित्याग नव्हे. कायमचं सोडून जाण्याचा इरादा असावा लागतो. इतकंच नाही, तर छळ करून जोडीदाराला घराबाहेर पडायला लावणारा माणूसच कायद्याच्या नजरेत ‘सोडून जाणारा’ ठरू शकतो. म्हणजे सगळं भांडण ज्या प्रश्नावर उभं आहे, त्याचं उत्तर एका तयार वाक्यानं नवऱ्याच्या बाजूनं देऊन टाकलं.

मग ‘तिला हाकलून दिलं’ असं लिहावं का? बाई तसंही म्हणालेली नाही. माहेरी येणं सणाचं असतं, बाळंतपणाचं असतं, रुसून असतं आणि जीव मुठीत धरूनही असतं. ‘आले’ या एका क्रियापदात हे सगळे अर्थ मावतात. यातला खरा कोणता, हे शब्दकोश सांगणार नाही. पेन खाली ठेवून बाईलाच विचारावं लागेल : “म्हणजे कशा आलात? कुणी आणून सोडलं? परत जायचं ठरलं होतं का?”

कायद्याच्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी हा विषय निघाला, की बोलणं स्पेलिंग, उच्चार, शब्दसंग्रह आणि मूट कोर्टातला आत्मविश्वास यांच्यावर जातं. जणू हे गाडी चालवण्यासारखं एक कौशल्य आहे. आलं तर नोकरी चांगली, नाही आलं तर मागे पडायचं. मला वाटतं, हा प्रश्न मुळात कौशल्याचा नाहीच. तो विश्वासाचा आहे. वकील ज्या इंग्रजीत लिहितो, त्यातला बराच भाग दुसऱ्याच्या आयुष्याचा असतो आणि त्या दुसऱ्याला तो तपासता येत नसतो.

ज्याला वाचता येत नाही, त्याची सही

आपल्या संविधानाचं कलम 348 सांगतं, की संसदेनं कायद्यानं वेगळी तरतूद करेपर्यंत सर्वोच्च न्यायालय आणि सर्व उच्च न्यायालयं यांचं कामकाज इंग्रजीत चालेल. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा पातळीवर मराठीत बरंच काम होतं. पण प्रकरण जसजसं वर चढतं, तसतसा माणूस आपल्याच खटल्याच्या कागदांपासून दूर जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या दारात त्याची फिर्याद, त्याचा जबाब, त्याचं खरेदीखत, सगळं भाषांतर होऊन येतं. त्याच्याच आयुष्याचं पुस्तक, पण त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत.

यातला सर्वांत नाजूक कागद म्हणजे प्रतिज्ञापत्र. ते लिहितो वकील, पण शपथ घेतो पक्षकार. ‘मी असं असं सत्य प्रतिज्ञेवर कथन करतो’ यातला ‘मी’ हा वकील नसतो. इंग्रजी न येणाऱ्याच्या प्रतिज्ञापत्राखाली एक ओळ असते : हा मजकूर यांना मराठीत समजावून सांगितला आणि तो त्यांना समजला आहे. त्याखाली सही किंवा अंगठा.

ही ओळ किती गर्दीत, किती घाईत आणि किती वेळा न समजावताच लिहिली जाते, हे कोर्टाच्या आवारात तासभर उभं राहणाऱ्या कुणालाही दिसतं. आणि तिचे परिणाम दुसऱ्याला भोगावे लागतात. साक्षीच्या वेळी समोरचा वकील विचारतो, “तुमच्या प्रतिज्ञापत्रात तुम्ही असं लिहिलंय, आज वेगळं सांगताय?” पक्षकार गोंधळतो. त्यानं तसं कधी म्हटलेलंच नसतं. ‘दोन-तीनदा’ म्हणाला होता, मसुद्यात ‘वारंवार’ झालं होतं. ‘अंगावर धावून आला’ म्हणाला होता, मसुद्यात ‘हल्ला केला’ झालं होतं. एका भरजरी क्रियाविशेषणासाठी तो कोर्टापुढं खोटारडा ठरतो. शब्द वकिलाचा, शपथ त्याची.

डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही, तर निदान रोग्याला ते जाणवतं. बँकेनं हिशेब चुकवला, तर पासबुक दाखवता येतं. इथं मात्र ज्याचं नुकसान होतं, त्याला ते कुठल्या वाक्यात झालं हेही कळत नाही. न तपासता येणाऱ्या कामात प्रामाणिक राहणं ही नीतीची जुनी कसोटी आहे. कायद्याच्या मुलांना ती रोज इंग्रजीच्या वहीत द्यावी लागते.

टिळकांचे शब्द आणि नऊ पंच

शब्द इकडून तिकडे नेताना काय पणाला लागतं, याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण 1908 सालचं आहे. ‘केसरी’तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. ज्यूरीत 9 जण होते, 7 युरोपियन आणि 2 पारशी. लेख मराठीत होते आणि मराठी वाचणारे पंच मात्र नव्हते. त्यांच्यापुढे होती ती सरकारी भाषांतरं.

टिळक स्वतः एलएल.बी. होते आणि आपली बाजू त्यांनी स्वतःच मांडली. त्यांचं भाषण काही दिवस मिळून 21 तासांहून अधिक चाललं. भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली. मूळ मराठी शब्दाचा सूर काय, इंग्रजीत तो किती तिखट होऊन बसला आहे, हे ते शब्दागणिक दाखवत राहिले. आपण लिहिलेलं आपल्या विरुद्ध उभं केलं जात असताना, ते आपण नेमकं काय लिहिलं होतं हे परक्या भाषेत पटवून देणं, असं ते काम होतं. 7 विरुद्ध 2 मतांनी ज्यूरीनं त्यांना दोषी ठरवलं. 6 वर्षांची शिक्षा झाली, मंडाले.

टिळकांना भाषांतरामुळे शिक्षा झाली, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ते सरकारला नकोच होते. पण या खटल्यात एक गोष्ट लखलखीत दिसते. टिळकांना इंग्रजी येत होतं म्हणून ते निदान सांगू शकले, की ‘हा शब्द माझा नाही.’ ज्याला इंग्रजी येत नाही, त्याच्या वतीनं हे वाक्य कोण म्हणणार? त्याचा वकील. वकिलाला इंग्रजी चांगलं यायला हवं, याचं माझ्या दृष्टीनं सर्वांत प्रामाणिक कारण हे आहे. ते मिरवायला नको. पक्षकाराचा शब्द चुकीचा नेला जात असेल, तर तो अडवता यावा, म्हणून हवं.

न समजलेला कागद हा कागदच नव्हे

हा केवळ सद्भावनेचा मुद्दा नाही. न्यायालयांनी तो कायदा म्हणून मान्य केला आहे. 1962 साली सर्वोच्च न्यायालयानं ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात निकाल दिला. प्रतिबंधक कायद्याखाली एका माणसाला स्थानबद्ध केलं होतं. का केलं, याची कारणं त्याला इंग्रजीत दिली होती. त्यानं हिंदीत मागितली, ती नाकारली गेली. सरकारचं म्हणणं होतं, की अधिकाऱ्यानं तोंडी भाषांतर करून सांगितलं होतं. न्यायालयानं ते पुरेसं मानलं नाही. कारणं कळवणं म्हणजे त्या माणसाला समजतील अशा भाषेत आणि लिपीत कळवणं, नाहीतर उत्तर द्यायची संधी पोकळ ठरते. स्थानबद्धता बेकायदा ठरली.

30 जानेवारी 2023 रोजी ‘नईम अहमद विरुद्ध दिल्ली राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच धाग्याचं दुसरं टोक धरलं. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो आणि काही कनिष्ठ न्यायालयांत नोंद मात्र थेट न्यायाधीशांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराची होते. मूळ शब्द कुठंच राहत नाहीत. साक्ष कोर्टाच्या भाषेत किंवा शक्य असेल तिथं साक्षीदाराच्याच भाषेत नोंदवा, भाषांतर लागेल तर ते नंतर जोडा, असा त्या म्हणण्याचा गाभा होता. साक्षीदार खरं बोलतो आहे का, हे ठरवताना त्याचा नेमका शब्दच हाताशी नसेल, तर ठरवायचं कशावरून?

हे दोन निकाल एकत्र वाचले, की कायद्याच्या भाषेचा व्यवहार दोन्ही दिशांनी चालतो, हे लक्षात येतं. माणसाचं म्हणणं कोर्टापर्यंत न्यायचं आणि कोर्टाचं म्हणणं माणसापर्यंत आणायचं. आपण विद्यार्थ्यांना फक्त पहिली दिशा शिकवतो, तीही अर्धीच. अस्खलित इंग्रजी बोलणारा, पण अशिलाला ‘तुमचा अंतरिम अर्ज फेटाळला म्हणजे काय झालं’ हे मराठीत सांगताना अडखळणारा वकील हा निम्मा वकील आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वर्गात जी लाज वाटते, तिचं म्हणूनच वाईट वाटतं. दोन दिशांपैकी एक त्यांच्याकडे आधीच असते. नुसती नसते, चांगली असते. वर्गात कुणी ते त्यांना सांगत नाही.

अवघड लिहिण्याचं कौतुक

एवढं सगळं ऐकून एखादा विद्यार्थी म्हणेल, ठीक आहे, मग मी खूप इंग्रजी शिकतो. आणि तो लागतो ‘हिअरइनअबव्ह’, ‘इंटर अलिया’, ‘नल अँड व्हॉइड’ पाठ करायला. ही वकिली इंग्रजीची पगडी. ती आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं तिथल्या राजदरबाराची, कोर्टाची भाषा फ्रेंच झाली. नोंदी लॅटिनमध्ये. सामान्य इंग्रजाला आपल्या खटल्यात काय बोललं जातंय ते कळेना. 1362 साली कायदा झाला, की कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं, कारण लोकांना आपल्या बाजूनं किंवा विरुद्ध काय म्हटलं जातंय ते समजत नाही. गंमत म्हणजे हा कायदाच फ्रेंचमध्ये लिहिला होता, आणि नोंदी लॅटिनमध्येच ठेवायची मुभा त्यानं दिली होती. कोर्टाच्या कागदांतून लॅटिन खऱ्या अर्थानं हटायला 1733 उजाडलं. ज्या इंग्रजीचा आज आपल्याला धाक वाटतो, ती एकेकाळी तिच्याच देशातल्या कोर्टात गावंढळ होती.

त्या काळाच्या खुणा अजून आहेत. ‘विल अँड टेस्टमेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘फिट अँड प्रॉपर’ या जोड्यांत एक शब्द देशी इंग्रजी, दुसरा फ्रेंच-लॅटिन वळणाचा. दोन भाषा शेजारी नांदत होत्या, म्हणून दोन्हीकडच्यांना कळावं असे जोडशब्द रुळले, असं एक सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. म्हणजे जे आज आपण अवघड दिसावं म्हणून लिहितो, ते कदाचित सोपं व्हावं म्हणून जन्माला आलं होतं.

दोष इंग्रजीचाच आहे, असं मात्र मानू नये. आपलं जुनं खरेदीखत काढून पाहा. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सदरहू मिळकत’, ‘चतुःसीमा’, आणि मग एका दमात पानभर चाललेलं वाक्य. मराठीच आहे, पण ते समजायला मराठी माणूस वकील गाठतो. वकील, फिर्याद, दावा, जामीन, मुदत, दस्तऐवज हे शब्दही अरबी-फारसीतून आले आणि वापरून वापरून आपले झाले. कायद्याची भाषा आणि माणसाची भाषा यांत नेहमीच एक फट असते, मग भाषा कुठलीही असो. तिच्यात उभं राहायला वकील लागतो. तो फट बुजवतो की रुंद करतो, एवढाच प्रश्न आहे.

रुंद केली तर काय होतं, ते वरच्या पातळीवरही दिसलं आहे. 2017 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचे निकाल सर्वोच्च न्यायालयाला भाषेमुळे समजेनात, म्हणून प्रकरणं परत पाठवावी लागली. 2022 च्या स्टेट बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निकाल कसे लिहावेत यावरच लिहिलं : परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, आणि ज्याच्यासाठी निकाल आहे त्या पक्षकारालाही तो कळावा. देशातल्या सर्वोच्च न्यायमूर्तींनाही उमगत नाही, असं इंग्रजी हुशारीचं लक्षण असू शकत नाही. त्यामागे एक माणूस आपल्या नोकरीचा किंवा घराचा निकाल लागायची वाट बघत थांबलेला असतो, आणि त्याची आणखी काही वर्षं त्या वाक्यरचनेत जातात.

चांगल्या कायदेशीर लेखनाचा नमुना शोधायला फार लांब जावं लागत नाही. मेकॉलेचं नाव आपण त्याच्या शिक्षणविषयक टिपणासाठी शिव्यांसकट लक्षात ठेवतो. पण त्याच्याच आयोगानं भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा केला, जी पुढं 1860 मध्ये कायदा झाली. तिची एक सोय अप्रतिम होती : कलमाखालची उदाहरणं. चोरी म्हणजे काय, याची व्याख्या डोक्यावरून गेली, तरी खाली असतं, की अमक्यानं तमक्याच्या जमिनीतलं झाड त्याच्या संमतीवाचून, लबाडीनं नेण्याच्या इराद्यानं तोडलं; झाड तुटलं त्या क्षणी चोरी झाली. कुणालाही कळतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनंही ही उदाहरणांची पद्धत ठेवली आहे. एक कर्ता, एक कृती, एक इरादा. ज्याला लिहायला शिकायचं आहे, त्यानं रोज असं एक उदाहरण वाचावं आणि तसंच एक आपल्या गावातल्या भांडणाचं लिहून पाहावं.

तीन हरकती

पहिली हरकत सरळ आहे. मुळात उच्च न्यायालयात मराठी आणा, म्हणजे हा सगळा खटाटोप संपेल. मागणी रास्त आहे आणि तिला संविधानात वाटही आहे. कलम 348 च्या दुसऱ्या उपकलमानुसार राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीनं राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याची भाषा आणू शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार इथं हिंदीला तशी परवानगी आहे. महाराष्ट्रातही हे व्हावं, असं मलाही वाटतं. पण झालं, तरी वकिलाची जबाबदारी कमी होणार नाही. ‘माहेरी आले’चं ‘प्रतिवादीनं वैवाहिक निवासस्थानाचा त्याग केला’ असं मराठी कुणी लिहिलं, तर बाईचं नुकसान तेवढंच होईल. शिवाय तो दिवस येईपर्यंत जे खटले चालू आहेत, त्यांतली माणसं आज वकिलासमोर बसली आहेत.

दुसरी हरकत जास्त चिवट आहे. वकील म्हणजे काय टपालवाला आहे का? त्यानं पक्षकाराचा फायदा पाहायचा, शब्द सोयीचा निवडायचा. युक्तिवाद म्हणतात तो यालाच. हे खरं आहे, पण अर्धं खरं आहे. युक्तिवाद वकिलाचा असतो. तिथं त्यानं हवी तेवढी प्रतिभा दाखवावी. हकिगत मात्र पक्षकाराची असते. ‘या हकिगतीवरून छळ सिद्ध होतो’ हे वकिलानं म्हणावं. ‘माझा छळ झाला’ हे बाईनं म्हटलं असेल तरच तिच्या तोंडी घालावं. नाहीतर तिनं सांगितलेली रात्र, तारीख, जे घडलं ते जसंच्या तसं लिहावं. व्यवहाराच्या दृष्टीनंही हेच शहाणपणाचं आहे. उलटतपासणीत विशेषणं आधी मोडून पडतात. तपशील टिकतात.

तिसरी हरकत तुमच्या हातातल्या फोनमधून येते. आता मराठीत बोला, एआय झकास इंग्रजी करून देतं, मग शिकायचं कशाला? मदत म्हणून ही साधनं उपयोगी आहेत. सर्वोच्च न्यायालयही 2019 पासून निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ नावाचं सॉफ्टवेअर वापरतं आहे. पण कायद्यात ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील करायला परवानगी. बेसावध यंत्र त्याचं ‘रजा मंजूर’ करून मोकळं होईल. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि 5000 डॉलरचा दंड भरला. दंड यंत्राला झाला नाही. पूर्वी वाईट इंग्रजी निदान वाईट दिसायचं, शंका यायची. आता चुकीचा मजकूरही इस्त्री करून येतो. अशा काळात इंग्रजी शिकायचं ते लिहिण्यापेक्षा पकडण्यासाठी. ‘माहेरी आले’चं यंत्रानं काय केलंय, हे बघून थांबणारं माणूस हवं. बाईला परत प्रश्न विचारायची गरज यंत्राला वाटत नाही.

मग शिकायचं काय?

पहिलं म्हणजे कर्ता लपवायचा नाही. ‘इंज्युरीज वेअर सस्टेन्ड’ हे वाक्य कोर्टाच्या कागदांत फार सुखानं राहतं. जखमा झाल्या. कुणी केल्या? मारणारा माहीत असेल, तर वाक्य त्याच्यापासून सुरू व्हायला हवं. माहीत नसेल, तर ‘कुणी मारलं ते मला दिसलं नाही’ असं स्पष्ट लिहायला हवं. कर्तरी प्रयोग की कर्मणी, हा व्याकरणाच्या तासाचा कंटाळवाणा प्रश्न इथं दोष कुणावर येतो याचा प्रश्न होतो.

दुसरं, जो शब्द जात नाही, तो जाऊ द्यायचा नाही. ‘वहिवाट’ घ्या. त्यात प्रत्यक्ष ताबा आहे, वर्षानुवर्षं कसणं आहे, बांधावरून जायचा रस्ताही आहे. ‘पझेशन’ लिहिलं की रस्ता गेला, ‘ईझमेंट’ लिहिलं की ताबा गेला. अशा वेळी मूळ शब्द अवतरणात ठेवावा आणि पुढं एका वाक्यात पक्षकाराला काय म्हणायचंय ते सांगावं. यात कमीपणा नाही. ‘पंचनामा’, ‘तलाठी’, ‘इनाम’, ‘वतन’ हे शब्द इंग्रजीतल्या कायद्यांत आणि कागदांत असेच ताठ मानेनं बसले आहेत. कुणीतरी कधीतरी ते भाषांतर न करण्याचं धाडस केलं होतं.

तिसरं सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित. मसुदा झाला, की इंग्रजी कागद हातात धरून तो त्या माणसाला मराठीत सांगायचा, परिच्छेद परिच्छेद. मूळ टिपणं बघायची नाहीत. कागदावर जे उरलंय तेच सांगायचं. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. तो मधेच म्हणेल, “नाही हो, तसं नव्हतं.” ते ‘नाही हो’ ऐकायला मिळालं, तर तुमचं इंग्रजी योग्य जागी तपासलं गेलं. कुठल्याही प्राध्यापकाच्या लाल शाईपेक्षा हा शेरा मोठा. यात 20 मिनिटं जातात. ज्या ऑफिसात दिवसाला पंधरा मसुदे निघतात, तिथं ही 20 मिनिटं मागणं सोपं नाही, इंटर्नला तर नाहीच. पण चांगल्या इंग्रजीची किंमत विचाराल, तर ती क्लासची फी नाही. ती ही 20 मिनिटं आहे.

प्रतिज्ञापत्राखालची ती एक ओळ, ‘मराठीत समजावून सांगितलं आणि त्यांना समजलं,’ आपण छापील मजकूर म्हणून सोडून देतो. खरं तर त्या कागदावरचं हे एकच वाक्य वकील स्वतःच्या वतीनं लिहितो. बाकी सगळी दुसऱ्याची वाक्यं. पाच वर्षं इंग्रजी शिकून एवढं एक वाक्य खरं लिहिता आलं, तर शिक्षण कामाला आलं असं समजायला हरकत नाही.